जंतू कुणाच्या घरचा

लेक पहिल्या बाळंतपणाला लातूरहून नांदेडला आमच्याकडे आली, तेव्हा मी एक नवी दोनशे पानी वही काढली. श्रावणात नात झाली आणि त्याच दिवसापासून वहीत नोंदी सुरू केल्या. दूध किती वेळा, लंगोट किती ओले, झोप किती, ताप किती, आंघोळीचं पाणी किती गरम. माझी नोकरी विष्णुपुरी धरणावर, पाण्याची पातळी लिहिण्याची. सकाळी आठला पट्टीवरचा आकडा वाचायचा, लिहायचा, खाली सही करायची. पावसाळ्यात दर तासाला. अठ्ठावीस वर्षं हे काम केल्यावर माणसाला लिहून ठेवलेलं तेवढंच खरं वाटू लागतं.

"तुझ्या बाबांना नात झालीय की धरण?" असं आमची ही लेकीला विचारायची. लेक हसायची. मी लिहीत राहायचो.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला ज्या मावशी यायच्या, त्याच सव्वीस वर्षांपूर्वी लेकीलाही न्हाऊ घालायला येत होत्या. मूळच्या मुखेडकडच्या. नवऱ्यामागे नांदेडला आल्या आणि इथल्याच झाल्या. साठी ओलांडलेली, पण पाटावर बसून पाय पसरले की त्या पायांवर बाळ असं बसायचं, जणू ती जागा त्याच्यासाठीच केलेली. रोज सकाळी त्यांची तीन घरं असत. पहिली दोन पलीकडच्या गल्लीतली, तिसरं आमचं. साडेसहा ते पावणेसात या वेळात त्या फाटकाची कडी वाजवायच्या.

"वैनी, पानी काढा. आन् दादा, तुमची ती काचेची काडी आजच्याला तरी ऱ्हाऊ द्या."

काचेची काडी म्हणजे माझा थर्मामीटर. मी तो बादलीत बुडवून बघायचो. मावशी कोपर बुडवायच्या. पहिल्या आठवड्यात मी दोन्हींची तुलना केली. सात दिवसांत त्यांचं कोपर एकदाही चुकलं नाही. तेही मी लिहून ठेवलं होतं, हे सांगायला हवं, कारण पुढं मी जे केलं ते त्यांच्याविषयी मनात राग होता म्हणून केलं नाही. मला वाटलं मी आकड्यांप्रमाणे चाललोय.

आंघोळ झाली, धुरी झाली की बाळाचं वजन. हे काम माझं. रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा मी आणला होता, आकडे दाखवणारा. माझ्या एका जुन्या पंचाची झोळी करायची, तिच्यात बाळ ठेवायचं, झोळी हुकाला अडकवायची आणि ग्रॅमपर्यंत आकडा वाचायचा. नवं कापड बाळाला टोचतं, वापरून मऊ झालेलंच चांगलं, आणि त्यातही घरातल्या मोठ्या माणसाचं असेल तर त्याचं आयुष्य बाळाला लागतं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून हिनेच तो पंचा काढून दिला होता. वजन झालं की मी तो खुंटीला अडकवायचो. धुवायला रविवारी. नुकतंच न्हालेलं बाळ स्वच्छच असतं, मग रोज पंचा कशाला धुवायचा, असा माझा हिशेब होता.

अठराव्या दिवशी बाळाच्या उजव्या मांडीवर, जांघेजवळ, मुगाएवढा लाल ठिपका दिसला. मावशीच म्हणाल्या, "दादा, हे काही बरं न्हाई दिसून राहिलं. डाक्टरला दाखवा." मी ठिपका मोजला, चार मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी नऊ. विसाव्या दिवशी तिथं टरटरून बेंड आलं होतं आणि ताप एकशे दोन.

बालरोगतज्ज्ञांनी लगेच दाखल करून घेतलं. बेंड फोडलं, पू तपासायला पाठवला, सलाईनमधून औषध सुरू केलं. दोन दिवस ताप हलला नाही. तिसऱ्या दिवशी पुवाचा रिपोर्ट आला. स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू, आणि तोही नेहमीच्या औषधांना न जुमानणारा. बारा औषधांची यादी होती, त्यातल्या सात औषधांपुढे तो दाद देत नाही असं लिहिलेलं. डॉक्टरांनी उरलेल्या पाचांतलं एक निवडलं. त्या संध्याकाळी ताप शंभरावर आला, सकाळी उतरला. आठव्या दिवशी बाळ घरी आलं. मांडीवर एक लहानशी खूण सोडली तर आता काही नाही.

बाळ सुटलं. पण मला कारण हवं होतं.

दवाखान्यातल्या बाकावर बसून मी वहीत एक तक्ता केला. बाळाला रोज कुणी हातात घेतलं, किती वेळ, त्या आधी तो माणूस कुठं होता. लेक दिवसभर, पण ती घराबाहेर गेलेली नाही. ही पण घरातच. बारशाला लातूरहून विहीणबाई आल्या होत्या, एकच दिवस. उरल्या मावशी. रोज पाऊण तास, थेट अंगाला हात, आणि आधी दोन परक्या घरांतून आलेल्या. शिवाय बाळाचं तोंड त्या पदराने पुसायच्या, हे मी तिसऱ्या आणि नवव्या दिवशी लिहून ठेवलेलं होतं. बेंड कुठं आलं? मांडीवर. मांडी कुणाच्या हातात? मावशींच्या. सगळं जुळत होतं.

त्या संध्याकाळीच मावशी बाळाला बघायला दवाखान्यात आल्या, तेव्हा मी सांगितलं की आता घरी येऊ नका.

"काहून?" त्यांनी विचारलं.

मी तक्ता समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मी काय सांगू दादा. तुमी लिवलंय." आणि गेल्या.

लातूरहून विहीणबाईंचा रोज फोन यायचा. "मी बारशालाच म्हणले होते," त्या हिला म्हणाल्या, "आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली होती, तेव्हासुद्धा आम्ही हात धुऊनच लेकराला घेत होतो. तुमच्या उशाला धरण हाय, अन् हात धुवायला पाणी न्हाई?" हिने फोन माझ्याकडे दिला. मी सांगितलं की कारण सापडलंय, बाई बंद केली आहे. त्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं.

दवाखान्याकडून आमची गाठ जंतूशास्त्राच्या एका डॉक्टर मॅडमशी पडली. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत, दवाखान्याबाहेर, साध्या घरांमध्ये हा जंतू कसा फिरतो याचा त्या अभ्यास करत होत्या. गळवांचा पू, नाकातले नमुने गोळा करायचे, जंतू वाढवायचा, थंड पेटीत जपून ठेवायचा आणि मग त्याची आनुवंशिक अक्षरं वाचायची, असं त्यांचं काम. त्यांनी सांगितलं की हा जंतू पुष्कळांच्या नाकात असतो आणि काही करत नाही. बाळाच्या सहवासातल्या सगळ्यांच्या नाकातले नमुने द्या, म्हणजे कळेल.

"घरात कोण कोण?"

"बाळाची आई, आजी, आणि न्हाऊ घालणाऱ्या मावशी," मी म्हणालो.

धरण भरत आलं होतं, मला दर तासाचे आकडे लिहायचे होते. नर्स घरी आली तेव्हा मी कामावर होतो. आणि खरं सांगायचं तर, असतो तरी दिला नसता. मी कुठं बाळाला हात लावत होतो? मी फक्त मोजत होतो.

मावशींना मी निरोप पाठवला तेव्हा त्या आल्या. कामावरून काढलेल्या घरी, नाकातला नमुना द्यायला. हिने मला नंतर सांगितलं, नाकात काडी घालताना त्या म्हणाल्या, "घाला माय. चोरी असंल तर सापडू द्या."

दहा-बारा दिवसांनी त्या पुन्हा आमच्या फाटकाशी आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत घडी घातलेला कागद. "दादा, दवाखान्यातून दिलाय. इंग्रजी हाय. वाचून दाखवा, काय लिवलंय."

मी वाचला. मावशींच्या नाकात तोच जंतू होता. औषधं न जुमानणारा. मी आत जाऊन बाळाचा रिपोर्ट आणला आणि दोन्ही शेजारी ठेवले. बारा औषधं. सातांना दाद नाही, पाचांना दाद. ओळीनं तीच सात, तीच पाच. बारापैकी बारा.

लेकीचा आणि हिचा नमुना स्वच्छ होता.

"म्हंजी माझ्यामुळंच?" मावशींनी विचारलं.

"रिपोर्ट तसंच म्हणतोय," मी म्हणालो.

रिपोर्ट तसं म्हणत नव्हता. रिपोर्टमध्ये बाळाचं नावसुद्धा नव्हतं. ते मी म्हणत होतो.

त्यानंतर मी जे केलं ते मला कर्तव्य वाटलं. पलीकडच्या गल्लीतली ती दोन घरं मला माहीत होती. तिथंही तान्ही बाळं होती. मी दोन्ही घरी जाऊन सांगितलं. कोपऱ्यावरच्या घरातल्या काकूंच्या सुनेला सातवा महिना लागला होता आणि त्यांनी मावशींना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनाही सांगितलं, तक्ता दाखवला. काकू निवृत्त शिक्षिका, त्यांनी चष्मा लावून तक्ता वाचला आणि म्हणाल्या, "काम नीटनेटकं आहे तुमचं." तिन्ही घरांनी मावशींना बंद केलं.

त्या दोन घरांतल्या बाळांच्या अंगावर एकही फोड नव्हता. हे मला तिथंच कळलं होतं, आयांनीच सांगितलं होतं. पण ते लिहायला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

ही म्हणाली, "तिनं तुमच्याकडं वाचायला आणलं होतं."

"मग लपवायचं का?"

"लपवा नाही म्हणत मी. पण तिनं तुमच्याकडं वाचायला आणलं होतं." एवढंच बोलून ती भाकरी थापायला लागली. त्या दिवशी भाकरीवर हात जरा जोरातच पडत होता.

डॉक्टर मॅडमचा फोन दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर आला. बाळ तेव्हा तीन महिन्यांचं व्हायला आलं होतं, हुंकार द्यायचं, पालथं व्हायला बघायचं. लेक लातूरला परत जायच्या तयारीत होती. मॅडमनी आधी बाळाची चौकशी केली आणि मग विचारलं, "तुम्हाला मे महिन्यात कमरेला गळू झालं होतं का?"

झालं होतं. करदोड्याच्या खाली, उजव्या बाजूला. दहा-बारा दिवस ठणकत होतं. शेवटी दवाखान्यात जाऊन फोडून घेतलं. कुणीतरी एका कागदावर सही घेतली होती, अभ्यासासाठी पू ठेवून घेऊ का म्हणून. मी करून टाकली. आंब्याचे दिवस होते, मी रोज रस खात होतो, सगळे म्हणाले उष्णता. मीही तेच म्हणालो. पुरुषाच्या कमरेला उन्हाळ्यात बेंड येणं ही आमच्याकडे लिहून ठेवण्यासारखी गोष्ट नसते. माझ्या कुठल्याच वहीत ते नव्हतं.

"झालं होतं," मी म्हणालो.

"मग एकदा येऊन जा. फोनवर सांगण्यासारखं नाही."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मॅडमनी एक कागद पुढं ठेवला. त्यावर झाडाच्या फांद्यांसारखी आकृती होती. दोन्ही जिल्ह्यांतून आलेले नमुने, प्रत्येकाला एक फांदी. एका डहाळीच्या टोकाला दोन ठिपके अगदी चिकटून होते. त्यातला एक माझा होता, मे महिन्याचा. दुसरा माझ्या नातीचा.

"मावशींचा?" मी विचारलं.

त्यांनी बोट कागदाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. "त्यांनी तुम्हाला सांगायला परवानगी दिलीय, म्हणून सांगते. त्यांचा हा इकडं. मुखेडच्या शेजारच्या जळकोटकडून आलेले काही नमुने आहेत, त्यांच्याजवळचा."

"पण बाराच्या बारा औषधं जुळत होती."

"बारा प्रश्नांची उत्तरं सारखी आली म्हणून दोन मुलं एका आईची होत नाहीत ना. या जंतूची अक्षरं अठ्ठावीस लाखांच्या आसपास असतात. तुमच्या आणि बाळाच्या जंतूत फरक तीन अक्षरांचा. मावशींच्या आणि बाळाच्या जंतूत हजारोंचा."

मी विचारलं की बाळाकडून मला झालं नसेल कशावरून. मी अजून सुटका शोधत होतो. त्यांनी मान हलवली. "तुमचा नमुना बाळाच्या जन्माआधीचा. आणि तुमच्या ऑफिसात जुन्या रजिस्टरची नक्कल करताना एखादी चूक झाली, तर पुढच्या नकलेत ती उतरते ना? वर नव्या चुकांची भर पडते. तुमच्या जंतूतले सगळे बदल बाळाच्या जंतूत आहेत, आणि वर तीन नवे. मूळ कोणतं आणि नक्कल कोणती, हे तुम्हीच मला सांगा."

नकला करण्यात माझी अर्धी नोकरी गेलेली. मला दुसरं काही सांगण्याची गरज नव्हती.

"बाळाला रोज हातात घेत होता का?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी फक्त वजन करायचो," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच थांबलो. मग झोळीचं सांगितलं. पंचाचं सांगितलं. कमरेला बेंड असताना मी तेच पंचे गुंडाळत होतो, हेही सांगितलं. रविवारच्या धुण्याचंही. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मी विचारलं की पंचातून की हातातून. "ते अक्षरं सांगत नाहीत," त्या म्हणाल्या. "कपड्यातून होऊ शकतं, नाकाला लागलेल्या हातातून होऊ शकतं. तुमच्या नाकातही असणार, बघू." नमुना घेतला. दोन दिवसांनी कळलं, होता.

त्यांनी सांगितलं त्याचा सारांश असा की यात कुणाचा गुन्हा नाही. नाकात मलम पाच दिवस, अंगाला औषधी साबण, पंचे-टॉवेल उकळून उन्हात, प्रत्येकाचा वेगळा. मग पुन्हा नमुना. मावशींनाही हेच. मी बाहेर आलो तेव्हा मला वाटलं होतं की छातीवर दगड बसेल. तसं झालं नाही. पाय हलके झाले होते. दोन महिने ज्या गोष्टीचा मी पाठलाग करत होतो ती सापडली होती, बाळ ठणठणीत होतं, आणि एका बाईने काही केलेलं नव्हतं. लाज होती, पण ती या सगळ्याच्या मागून, सावकाश, घरी पोचेपर्यंत आली.

घरी मी दोघींना समोर बसवून सांगितलं. लेक म्हणाली, "बाबा, तुमच्या तक्त्यात तुम्ही कुठं होतात?" मी वही उघडून दाखवली. नव्हतोच. बाळाला कुणी हातात घेतलं त्या रकान्यात चार नावं होती. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं.

हिने उठून कात्री आणली. "आधी तो करदोडा तोडा. बदलला कधी होता शेवटचा?" मला आठवेना. ही गोष्टही लिहिलेली नव्हती.

लातूरला फोन मीच केला. विहीणबाईंनी ऐकून घेतलं. "म्हणजे घरचाच निघाला," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "तुमचं नाक साफ झाल्याचा कागद आल्याशिवाय लातूरला पाऊल टाकू नका. लेकराला घ्यायला आम्हीच येऊ." मी हो म्हणालो. त्यात हसू होतं की नव्हतं हे फोनवर कळलं नाही. कदाचित दोन्ही असेल.

त्याच दिवशी दुपारी मी मावशींकडे गेलो. त्या दारात बसून सुपात तूर निवडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत, मी उंबऱ्यावर बसलो. जे झालं ते क्रमाने सांगितलं. माझं गळू, माझा पंचा, माझं नाक. त्या तूर निवडत राहिल्या.

"वाचून दाखवा म्हणलं," त्या शेवटी म्हणाल्या, "तर गावभर वाचून दाखवलंत."

मी मान खाली घातली.

"मला चार घरांतून काढलं. आता तुमाला कोन काढनार घरातून?"

त्यांनी सूप पाखडलं, खडे बाजूला केले. "म्हंजी माझ्या नाकातलं ते वायलं?"

"वेगळं. बाळाचा आणि त्याचा काही संबंध नाही."

"पन हाय तर खरं?"

"आहे. मलम आहे त्याला. पाच दिवसांचं."

"मंग आदी मलम द्या. माफी घिऊन मी काय करू?"

मलम मी खिशातच आणलं होतं. कसं लावायचं ते दाखवलं. "दिवसातून दोनदा," मी म्हणालो. "लिवून देऊ नका," त्या म्हणाल्या, "ध्यानात ऱ्हाईल."

पाच दिवस मीही लावलं, त्यांनीही लावलं. दहा दिवसांनी दोघांचे नमुने पुन्हा गेले. मधल्या काळात कोपऱ्यावरच्या काकूंच्या सुनेला मुलगा झाला होता. मावशी बंद, दुसरी बाई मिळाली नाही, म्हणून काकू स्वतःच न्हाऊ घालत होत्या. सकाळी सातला त्या बाळाचं रडणं आमच्या अंगणापर्यंत ऐकू यायचं. ही रोज ऐकायची आणि माझ्याकडे बघायची.

दोन्ही नमुने स्वच्छ आले. मी मावशींकडे जाऊन म्हणालो की आता मी तिन्ही घरी जाऊन सांगतो. त्या चपला पायात घालायला लागल्या.

"तुम्ही कशाला येता?"

"या बारीला मी संगं येते. काय वाचता ते मला आयकू द्या."

पलीकडच्या गल्लीतल्या दोन घरी आम्ही आधी गेलो. तिथली बाळं आता मोठी झाली होती, न्हाऊ घालायचे दिवस संपले होते. त्यांनी ऐकलं, एका घरी चहा दिला, मावशींनी बाळाच्या दंडाला बोट लावून बघितलं आणि "मायनं तेल कमी लावलंय" म्हणाल्या. त्या आईलाच अवघडल्यासारखं झालं.

मग दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचं घर. सकाळचे साडेसहा. काकू फाटकाशीच भेटल्या, पदर खोचलेला, हाताला बेसन. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, काही न गाळता. मावशी माझ्या बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. मी "माझ्या पंचातून" म्हणालो तेव्हा त्यांनी एकदा मान हलवली, जणू मजकूर बरोबर आहे का ते तपासत होत्या.

काकूंनी चष्मा वर केला. "म्हणजे आता मी तुमचं तेव्हाचं ऐकायचं की आताचं?"

"आताचं."

"कशावरून?"

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी पिशवीतून स्वतःचा नवा कागद काढून काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो वाचला. त्यांना इंग्रजी येत होतं, मला मध्ये बोलावं लागलं नाही. तेवढ्यात आतून बाळ रडायला लागलं, त्या बारीक, चिरक्या आवाजात. तिघंही थांबलो.

"मावशी," काकू म्हणाल्या, "तुमचं काय म्हणणं?"

"माझं काय म्हननं असनार. पान्याला इसान घातलंय का न्हाई?"

"घातलंय, पण मला अंदाज येत नाही हो. रोज एकतर चटका, नाहीतर गारठा."

मावशींनी पिशवी कट्ट्यावर ठेवली. नळाखाली कोपरापर्यंत दोन्ही हात धुतले, साबण लावून, एकदा आणि पुन्हा एकदा. मग पदर पोटाशी घट्ट खोचला, तोंड पुसायला तो मोकळा सोडला नाही, आणि आत गेल्या. पाट सरकवल्याचा आवाज आला. पाणी ओतल्याचा. बाळाने पहिला टाहो फोडला, मग दुसरा, आणि मग मावशींचं ते जुनं एकसुरी बोलणं सुरू झालं, लेकीच्या वेळी असायचं तेच. तिसरा टाहो आला नाही. पाठीवर ओल्या हाताच्या थापट्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

मी अजून फाटकाशीच उभा होतो. किती वेळ ते मोजलं नाही.

"दादा," आतून मावशींचा आवाज आला, "तुमी जावा आता. हितं तुमचं काही काम न्हाई."

मी गेलो.